पाप, रात्री साडेदहानंतर

अंधेरीत लिंक रोडला नव्या मालिकेचं नरेशन असतं तेव्हा लेखक, निर्माता आणि वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी वेळेवर येतात. 'एस अँड पी'वाला येतो तो हुक, ट्रॅक आणि बटाटेवडे संपल्यावर. हा वाहिनीचा घरचा सेन्सॉर. १९९४च्या केबल नियमांतली कार्यक्रम संहिता त्याला पाठ असते: अंधश्रद्धेला उत्तेजन नको, स्त्रियांची अवहेलना नको, मुलं टीव्हीसमोर असतात त्या वेळी मुलांना न मानवणारं काही नको. ही तीन कलमं इमानदारीनं पाळली तर नागीण, सासू आणि साडेआठचा स्लॉट एकाच मीटिंगमध्ये गारद. उरतं 'आमची माती, आमची माणसं'.

म्हणून तोडगे निघतात. पहिला तोडगा पट्टीचा. 'अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा आमचा हेतू नाही' असं पडद्याच्या तळाशी पळवायचं आणि वर मांत्रिकाला निवांत बसू द्यायचं. (औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये टीव्हीवर चमत्कारी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. मांत्रिक मात्र जाहिरातीत नाही, कथेत बसतो.)

दुसरा तोडगा घड्याळाचा, आणि तो फार सोयीचा. २०१७मध्ये सोनीवर 'पहरेदार पिया की' आली. नऊ वर्षांचा राजपुत्र, अठरा वर्षांची नवरी. तक्रारींचा पाऊस पडल्यावर प्रसारकांच्याच तक्रार परिषदेने सांगितलं, मालिका रात्री उशिरा दाखवा आणि बालविवाहाचं समर्थन करत नाही अशी पट्टी लावा. म्हणजे दोन्ही तोडगे एकदम. मालिका साडेदहाला गेली आणि ऑगस्ट संपायच्या आत बंदच पडली. लग्न चुकीचं की वेळ, हे कोणी सांगितलं नाही.

याच पोराचं खरं काम बघा. २०१७च्याच बालकामगार नियमांनुसार बालकलाकार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, कमाईतले किमान वीस टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. उत्तम नियम. पण बारा तासांच्या शिफ्टच्या सेटवर पाच तास मोजणार कोण? पटकथेतल्या मुलाच्या लग्नावर देश भांडतो. सेटवरच्या मुलाची झोप मोजायला पट्टीसुद्धा नाही.

घड्याळाचा तोडगा दरवेळी चालतोच असंही नाही. नोव्हेंबर २०१०मध्ये केंद्राने 'बिग बॉस' रात्री अकरा ते पहाटे पाचमध्ये ढकलायचा आदेश काढला. वाहिनी उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली आणि शिव्यांना बीप लावून नऊचं भांडण नऊलाच राहिलं.

आता तर घड्याळच सुटलंय. पैसे भरणाऱ्याला वाहिनीच्या अ‍ॅपवर एपिसोड टीव्हीच्या आधी दिसतो, आणि अ‍ॅपला २०२१चे वेगळे नियम: तिथे वेळ नाही, वय लिहायचं. सात, तेरा, सोळा. तेव्हा साडेदहाचा मांत्रिक बोरिवलीच्या लोकलमध्ये संध्याकाळी साडेसहालाच भेटतो. तेरा वर्षांवरील प्रवाशांसाठी.