आधी कॅप्टन, मग डच

अजिंठा 1819 साली ‘सापडला’, हे आमच्या जिल्ह्यातली शाळकरी पोरंही घडाघडा सांगतात. सापडला म्हणजे शिकारीला आलेल्या कॅप्टन जॉन स्मिथला दिसला. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. पण दहा नंबरच्या लेण्यात नाव कोरून ठेवलं ते साहेबाने. झाला शोध.

चरणजित सिंग यांच्या रेकॉर्डचंही तेच. हे मुंबईत हिंदी सिनेमाच्या गाण्यांना साथ करणारे वादक. 1982 मध्ये त्यांनी जुपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303 ही रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं मांडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. 2002 मध्ये एडो बौमन या डच गृहस्थांना ती दिल्लीत मिळाली, 2010 मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली आणि बोभाटा झाला: शिकागोत अ‍ॅसिड हाउस हा संगीतप्रकार जन्मायच्या पाच वर्षं आधी ते मुंबईत वाजलं होतं! मग आमचीही कॉलर ताठ.

मला हे कौतुक मुळात पटत नाही. ‘कुर्बानी’ सिनेमानंतर अख्खी मुंबई डिस्कोच्या मागे होती, सिंगही गेले. त्यात शिकागो कुठून आलं? खरी गंमत मिंडेत, सुरावरून सुरावर घसरत जाण्यात आहे. टीबी-303 बनवलं बास गिटारची नक्कल करायला. ती त्याला धड जमली नाही. पण एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती, आणि घसरण्याचं काय करायचं हे रागदारी ऐकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ललित ऐका, कळेल. ठेका मात्र लाकडी. पाचव्या रागापर्यंत कान विटतो. शिवाय पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस एकाच तासात! रागांच्या वेळा पाळणाऱ्या समयचक्रवाल्यांनी आधी पाणी पिऊन घ्यावं.

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत तर 1969 मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. त्यावरचे प्रयोग फितींवर पडून राहिले. अल्बम निघाला 2023 मध्ये, शोधून काढणारे पॉल पुर्गास लंडनचे.

मुंबईच्या जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर अजून काय काय धूळ खातंय, कुणास ठाऊक. नेदरलँड्समधल्या कुणाला रजा मिळाली की कळेलच.