हबवाले भाऊ

बाळकुम नाक्याजवळ भाऊंची भातशेती होती, तिथे आता टॉवर आहेत. चिखल संपला आणि मग भाऊंनी चिखलात चालणारी गाडी घेतली: जुनी एमएम ५४०, फोर बाय फोर, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब.

हबच्या चकतीवर ‘फ्री’ आणि ‘लॉक’ लिहिलेलं. ऑटोमॅटिक हब सुचवणाऱ्याची भाऊ कीव करतात. “ते आपल्या मनाने लॉक होणार आणि सुटायला गाडी थोडी मागे घ्यावी लागणार. संध्याकाळी सातला या नाक्यावर गाडी मागे घेऊन दाखव!”

मग कथा सुरू होते. १९४८ साली सिएटलच्या आर्थर वॉर्नने युद्धातून उरलेल्या जीपांना असे हब बसवायला घेतले. भाऊ हे घरातल्या काकांबद्दल बोलावं तसं सांगतात. “डांबरी रस्त्यावर पुढचा शाफ्ट, डिफरन्शियल फुकट कशाला फिरवायचं? हब फ्री ठेवायचे, म्हणजे चाकं त्यांच्यापासून सुटी; लॉक केले की जोडलेली. झीज वाचते, डिझेल वाचतं.” वाचलेलं डिझेल ग्रीस, ओ-रिंग आणि सर्क्लिपमध्ये खर्ची पडतं, असा वहिनींचा हिशेब आहे.

भाऊ हब उघडतात तो रविवार. गॅरेजचा पोरगा मूठभर ग्रीस कोंबायला गेला की ओरडतात, “अरे, पोळीला तूप लाव, पुरण भरू नको!” जाड ग्रीसमध्ये आतली रिंग अडकते, स्प्रिंगला ती ढकलवत नाही. चकतीला पक्कड लावणाऱ्याला तर क्षमाच नाही. महिन्यातून एकदा दोन्ही हब लॉक करून, लिव्हर टू-व्हीलमध्येच ठेवून, कशेळीच्या पुलापर्यंत फेरी होते. आतल्या भागांना तेल पोचावं म्हणून.

एका पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामाशेजारी टेम्पो रुतला. भाऊ धावले. डावा हब लॉक केला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “हे काय असतं, भाऊ?” सिएटलपासून सुरुवात झाली. कथा संपवून ते थेट गाडीत बसले, फोर बाय फोर टाकला. उजवा हब फ्रीच! पुढच्या डिफरन्शियलने सगळं फिरणं त्या मोकळ्या बाजूला उधळलं, पुढची चाकं ढिम्म, मागची रुतली. शेवटी जेसीबीने टेम्पो ओढला, मग जीप.

घरी वहिनींनी एवढंच विचारलं, “हबने दगा दिला वाटतं?”

“दगा?” भाऊ उसळले. “फ्री ठेवला होता, फ्री राहिला! एवढा आज्ञाधारक माल ऑटोमॅटिकमध्ये मिळेल का?”