रोख घेत नाही, पण घरात ठेवा

सोलेंतुना, स्टॉकहोम
डिसेंबर 2024

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहोत. व्हिडिओ कॉलवर ह्यांच्याबद्दल बोलायला सुरुवात केली, की हे नेमके पाणी प्यायला मागून जातात, म्हणून कागद घेतला. तुला कधी मिळेल देव जाणे. इथे टपाल एक दिवसाआड येतं, आपल्याकडच्या नळासारखं. फक्त पिंप भरून ठेवता येत नाही एवढंच.

सध्या दुपारी पावणेतीनला सूर्य मावळतो. चारचा चहा होईपर्यंत मला रात्रीच्या भाकरीचं पीठ काढावंसं वाटतं. ह्यांचं म्हणणं, आपण जगातल्या अगदी पुढारलेल्या देशात राहतोय. असू दे. इथे हातात पैसे असून बाई साधी कोथिंबीर घेऊ शकत नाही, इतका तो पुढे गेलाय.

दुकानाच्या दारावरच पाटी असते, रोख रक्कम घेत नाही. पाटी लावली की झालं, कायद्याला ते चालतं. बसमध्ये नोट चालत नाही. चर्चमध्येही दान फोनवरून देतात. रस्त्यावर मासिकं विकणारे बेघर लोकसुद्धा कार्ड घेतात. सगळ्यांच्या फोनवर ‘स्विश’ नावाची सोय आहे. ती 2012 मध्ये आली, म्हणजे आपल्या यूपीआयच्या आधी, असं हे मला दर आठवड्याला ऐकवतात. मीही ऐकवते, की आमच्या मिरजेची भाजीवाली फोनवर पैसे घेते, नोट घेते, सुटे नसले तर ‘उद्या द्या वहिनी’ म्हणते, वर कढीपत्ता टाकते. हिला म्हणतात सोय.

आणि ताई, गंमत ऐक. 1644 मध्ये ह्या लोकांनी तांब्याचं दहा दालरचं एक नाणं काढलं. त्याचं वजन जवळजवळ वीस किलो! बाजाराला जाताना नवऱ्याला हमाल म्हणून नेत असणार. तो काळ मला बरा वाटला. ही तांब्याची ओझी वाहणं नको, म्हणून 1661 मध्ये इथल्या बँकेने कागदी नोटा काढल्या, युरोपातल्या पहिल्या. मग हावरटपणाने इतक्या छापल्या की काही वर्षांत ती बँकच बुडाली. तर ज्यांनी सगळ्या युरोपाला नोट शिकवली, तेच आज माझी नोट बघून झुरळ बघितल्यासारखं करतात.

माझ्या पर्समध्ये शंभराच्या नोटेवर ग्रेटा गार्बो आहे, पाचशेच्या नोटेवर बिरगिट निल्सन. एक सिनेमातली, एक ऑपेरातली, दोघींनी जग गाजवलेलं. आता दोघींना काउंटरवर कोणी विचारत नाही. पन्नाशीनंतर बाईचं काय होतं ते मी समजू शकते, म्हणून त्यांना टाकवत नाही.

मागच्या रविवारी नाताळच्या बाजारात गेलो होतो. वेलदोड्याचे गोड पाव आणि कॉफी घेतली. पैसे द्यायला ह्यांनी ऐटीत फोन काढला, तर थंडीने बॅटरी बंद. कार्ड घरी, कारण ‘आता कार्ड कोण बाळगतं?’ मी पाचशेची नोट पुढे केली. ती गोड मुलगी गोड हसून नाही म्हणाली. माझ्या फोनवर स्विश नाही. मी घेतलेलं नाही, घेणारही नाही. मागे रांग, पण कोणी हूं की चूं करेना. इथले लोक रांगेत ध्यानाला बसल्यासारखे उभे असतात. शेवटी माझ्या फोनवरून लेकीला उठवलं. तिने टपरीवरचा नंबर विचारून घेतला आणि लुंडहून, म्हणजे सहाशे किलोमीटरवरून, अंथरुणातच पैसे भरले. वर म्हणाली, ‘आई, बाबांकडे लक्ष ठेव.’ लग्नाला तीस वर्षं होत आली, दुसरं काय करतेय मी?

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीतही आरतीच्या ताटात निरांजनाशेजारी क्यूआर कोडचा कागद होता. तुपाचा डाग पडला आणि कोड वाचता येईना, तेव्हा बाप्पाला तेवढ्यापुरती उधारी झाली. पण ओटी भरताना काय करायचं सांग? तांदूळ, नारळ, खण, आणि वर ‘तुझा नंबर दे गं, अकरा पाठवते’? मी त्या रुपया चिकटवलेल्या पाकिटांवर वेळ काढते. ती आता संपत आली आहेत.

आता खरी बातमी. गेल्या महिन्यात सरकारने घरोघरी एक पुस्तिका पाठवली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची. पहिल्यांदा अशी पुस्तिका 1943 मध्ये निघाली होती. शेजारच्या रशियाचं वागणं बघून इथल्या लोकांना ती हसण्यावारी नेता येत नाही. त्यात लिहिलंय, माणशी दिवसाला तीन लिटर पाणी साठवा, लवकर शिजणारं अन्न ठेवा, बॅटरीवरचा रेडिओ ठेवा. आणि ताई, रोख पैसे ठेवा! निदान आठवडाभर पुरतील इतके, सुटेसुद्धा! वीज गेली, इंटरनेट बंद पडलं तर कोणाचा फोन चालणार?

ह्यांना ते पान मी मोठ्याने वाचायला लावलं. मग स्वयंपाकघराचं कपाट उघडून दाखवलं. पोहे, मेतकूट, भाजणी, तीन प्रकारची लोणची, मूगडाळ, आणि रव्याच्या डब्यात गार्बोबाई, निल्सनबाई. सरकारला जे आत्ता सुचलं ते आपल्या आईच्या फडताळात कायम होतं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र हळूच पाच-सहा नोटा आणून दिल्या. एटीएम शोधायलाच त्यांना अर्धा दिवस लागला.

जानेवारीत हळदीकुंकू करणार आहे. यंदा वाण म्हणून विजेऱ्या लुटायच्या असं ठरवलंय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. संक्रांतीच्या आत कोणी इकडे येणार असेल तर त्यांच्याबरोबर मेतकूट आणि रुपयावाल्या पाकिटांचा एक गठ्ठा नक्की पाठव. टपालाने पाठवू नकोस.

तुझी,
धाकटी