आमच्या खात्यावर टपलेल्या चोरास अनावृत पत्र

मुक्काम तात्यापारा, रायपूर

रा. रा. चोर महाशय यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपली-आमची ओळख नाही. तरी वर्षभर आम्ही आपली सोय मनोभावे पाहिली, हे कानावर घालावं म्हणून हे पत्र.

दिवाळीत पुण्याहून आलेल्या नातवाने मला चॅटजीपीटीचं खातं उघडून दिलं. “आजोबा, पासवर्ड काय ठेवू?” म्हणाला. मी म्हटलं, नवा कशाला? ईमेलला, वीजबिलाला, रेल्वेच्या तिकिटांना आहे तोच ठेव. माणसाने एकनिष्ठ असावं. विसरायला नको म्हणून तो कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलाही. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना तो पाठ आहे. पुढे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकदा खातं उघडलं. संगणकाने विचारलं, पासवर्ड सेव्ह करू का? इतक्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं?

आपल्या धंद्याची भरभराट मी वाचून आहे. जून 2023 मध्ये ग्रुप-आयबी या कंपनीने मोजदाद जाहीर केली: 1,01,134 बाधित संगणकांतून चोरलेल्या ऐवजात चॅटजीपीटीचे पासवर्ड निघाले. त्यांतले 12,632 भारतातले, म्हणजे देशांच्या यादीत पहिला नंबर आपलाच! तिजोरी फोडायचे कष्टही नाहीत. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेलं व्हायरसने उचलून नेलं. लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल धाडायची युक्तीही झकास. आमंत्रण न उघडता परत करायची आमच्याकडे रीत नाही.

मे 2025 मध्ये नवा रायपुरात एआय डेटा सेंटर पार्कचं भूमिपूजन झालं. तिथल्या यंत्रांना पहारा मिळेल. आमच्या खात्याला कालनिर्णय होतंच.

आत काय सापडेल म्हणता? पैसे नाहीत. माझ्या साखरेचा रिपोर्ट आहे. महाराष्ट्र मंडळातल्या भाषणाचा मसुदा आहे; माझ्या रायपुरी मराठीतली हिंदी, तांदळातले खडे वेचावेत तशी वेचून दे, असं चॅटजीपीटीला सांगितलं होतं. हे खुशाल वाचा. पण नागपूरच्या धाकट्या भावाला घराच्या वाटणीबद्दल लिहायचं एक पत्रही तिथेच आहे. सात वेळा लिहून घेतलं, एकदाही धाडलं नाही. तिसऱ्या मसुद्यात मी जे बोललोय, ते सौ.लाही ठाऊक नाही. तिच्या पाटल्यांना आम्ही दोन कुलपं लावतो. परवा रात्री हे एकदम डोक्यात आलं आणि झोप उडाली.

तेव्हा आपली गैरसोय होणार, क्षमा असावी. या खात्याला वेगळा पासवर्ड दिला, ईमेललाही दिला. कारण पासवर्ड बदलायची वाट ईमेलमधूनच जाते. सगळीकडून एकदम लॉगआउट केलं, झेरॉक्सवाल्याकडूनही. दुहेरी पडताळणी लावली. आता पासवर्ड हाती लागला तरी माझ्या फोनमधल्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा सहा आकडी कोड लागेल. तो दर तीस सेकंदांनी बदलतो. मला चष्मा सापडेपर्यंत दोन होऊन जातात. फोन हरवलाच तर लागणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून देवघरात पोथीखाली ठेवलेत. तिथे सौ.ला विचारल्याशिवाय मीही हात घालत नाही.

कालनिर्णयवरचा जुना पासवर्ड मात्र खोडलेला नाही. वीजबिलाच्या खात्याला अजून तोच चालतो. आलात, तर या महिन्याचं बिल भरून जावं, ही विनंती.

आपला,
तात्यापाऱ्यातला एक म्हातारा