साहेब यायलेत

बीड बायपासपासून शेंद्र्यापर्यंत जेवढी म्हणून बांधकामं चालू आहेत, त्या प्रत्येकावर एक भाऊ असतात. हुद्दा साइट सुपरवायझर. खिशाला दोन पेनं, कानाला फोन, आणि फोनवर बारा महिने एकच वाक्य: "गाडी गेटावर आली, बोललो ना." भाऊ एरवी गोण्या मोजतात आणि मिस्त्रीवर खेकसतात. मग एका संध्याकाळी कुठून तरी सुरक्षा तपासणीची खबर येते आणि भाऊंचा आवाज एकदम खाली येतो. "उद्या साहेब यायलेत."

स्टोअरचं कुलूप निघतं. पिवळी हेल्मेटं बाहेर येतात; काहींच्या आतलं प्लास्टिकही निघालेलं नसतं. (भाऊंचं स्वतःचं मात्र चांगलं वापरातलं. घरी जाताना चौकात पोलीस दिसले की ते मोटारसायकलवर तेच चढवतात.) आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्या रिकाम्या केल्या जातात, कारण त्यांत वाळूपेक्षा थोटकं आणि गुटख्याच्या पुड्याच जास्त. वर आलेल्या सळयांच्या टोकांना टोप्या हव्यात. रात्री साडेनऊला टोप्या कोण देणार? भाऊ पोरांना टपरीमागे पिटाळतात, आणि सकाळी सळईसळईच्या डोक्यावर बिसलरीची रिकामी बाटली उलटी बसलेली असते. कुणी हसलंच तर भाऊ ऐकवतात, "2023 च्या फेब्रुवारीत जी-20 मधल्या डब्ल्यू-20 च्या पाहुण्या आल्या, तेव्हा अख्ख्या गावाला रंग फासला. तेव्हा हसला होता का?" यावर कोणता संभाजीनगरकर काय बोलणार!

टूलबॉक्स टॉकचं रजिस्टरही त्याच रात्री भरतं. रोज कामाआधी पाच मिनिटं सगळ्यांना गोळा करून धोक्याचं सांगायचं आणि खाली सह्या घ्यायच्या, असा तो रिवाज. तीन महिन्यांच्या सह्या एकाच निळ्या पेनानं होतात. अंगठे मात्र वेगवेगळे दिसायला हवेत, म्हणून भाऊ स्वतःची दहाही बोटं कामाला लावतात. धुळवडीच्या दिवशीही हजेरी फुल्ल.

कायदा भाऊंना येत नाही असं नाही. 1996 चा बांधकाम कामगारांचा कायदा त्यांना आकड्यांनिशी पाठ आहे. त्यात 50 पेक्षा जास्त बायका कामावर असल्या तर पाळणाघर होतं. म्हणून हजेरीपटावर बायका नेमक्या 50. एकावन्नावी कितीही घमेली वाहू दे, ती पाहुणी. कामगार 500 झाले की सुरक्षा अधिकारी नेमा. म्हणून मोठ्या कामावर भाऊंचा आकडा वर्षानुवर्षं 499 वर अडकलेला. मग 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी नवी संहिता लागू झाली आणि त्या 500 चे 250 झाले. भाऊंनी लगेच अंमलबजावणी केली. ते आता 249 वर आहेत.

एक नियम मात्र, साहेब असोत-नसोत, भाऊ पाळतात. मालाच्या लिफ्टमधून माणूस वर गेलेला त्यांना चालत नाही. गेलाच तर खाली आल्यावर कानाखाली बसते, मग तो ठेकेदाराचा मेहुणा का असेना. तरुणपणी कुठल्याशा साइटवर त्यांनी लिफ्टचा रोप तुटताना पाहिलाय. त्याबद्दल ते बोलत नाहीत. रोपाला मात्र रोज सकाळी स्वतः हात लावून बघतात, आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

साहेब येतात. पिण्याचं पाणी विचारतात. इथे भाऊंची छाती फुगते. "साहेब, गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं. आमच्याकडं रोज जार!" साहेब गप्प; तेही याच गावात राहतात. मग ते परांचीवरच्या एका पोराजवळ थांबतात. हार्नेस अंगात बरोबर, पट्टे घट्ट. साहेब दोराचा माग काढत हुकापर्यंत जातात. तो त्याच पोराच्या कमरेच्या कडीत.

"हा पडला तर कशाला लटकेल?"

"स्वतःलाच," भाऊ बोलून जातात.

साहेब थेट पोराकडे वळतात. पोरगा बिहारचा. काहीही विचारलं तरी 'रोज' म्हणायचं, एवढं भाऊंनी रात्री त्याच्याकडून घोटून घेतलेलं.

"हेल्मेट पहनते हो?"

"रोज."

"सुबह मीटिंग होती है?"

"रोज."

"ऊपर से कभी कुछ गिरता है?"

"रोज."

साहेब खाली येऊन नऊ मुद्दे लिहून देतात. पंधरा दिवसांत पूर्तता, फोटोसकट. भाऊ कागद दोनदा वाचतात, वर परांचीकडे बघतात.

"साहेब, पंधरा दिवस कशाला? पोरांनी पट्टे अजून उतरवले नाहीत. फोटो आत्ताच काढून घेऊ का?"