होडीची कुंडली

साउदॅम्प्टन, इंग्लंड

ती. आबा आणि आई,

पत्रास कारण की, तुमच्या चिरंजीवांनी होडी घेतली. धारूरच्या गल्लीत टँकर शिरला की हंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे पळणारा मुलगा आज शिडाच्या होडीचा मालक झाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर आबांनी विचारलं, "कामून घेतली? ट्रॅक्टरचा हप्ता राहिलाय अजून," आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. ती गेली नव्हती, घालवली होती. म्हणून सगळी हकिगत तुमची सून कागदावर कळवते आहे.

शेजारच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना शेड रिकामी करायची होती. ताडपत्रीखाली ही होडी आणि गुंडाळलेलं एक निळं शीड निघालं. होडी कुठली, कधीची, त्यांनाही आठवेना. पैसे नकोत, घेऊन जा, म्हणाले. फुकट म्हटल्यावर आपला बीडकर मागचापुढचा विचार करत बसत नाही, ट्रेलर शोधतो. होडीपेक्षा ट्रेलर महाग पडला एवढंच.

शिडावर मोठा 'ई' होता. चिरंजीवांनी जाहीर केलं की ही एंटरप्राइज. जॅक होल्ट नावाच्या माणसानं १९५६ साली आखलेली ही होडी 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्राच्या पाठबळावर निघाली, आणि निळी शिडं हीच तिची ओळख. हे सगळं ऐकवून झाल्यावर तुमच्या नातीनं टेपचं एक टोक धरलं. लांबी भरली १० फूट १० इंच. एंटरप्राइज असते १३ फूट ३ इंच. लाकूड वाळलं तरी अडीच फूट आटत नाही. शिवाय एंटरप्राइजचं नाक टोकदार, आणि हिचं समोरून करवतीनं उडवल्यासारखं सपाट. म्हणजे शीड एकीचं, होडी दुसरीची.

अशा बोथट नाकाच्या दोनच होड्या इथे गल्लोगल्ली सापडतात. एक ऑप्टिमिस्ट, ती पोरांची, जेमतेम पावणेआठ फुटांची. दुसरी मिरर. खात्री करायला चिरंजीवांनी गरम हवेच्या गननं आतल्या सांध्यावरचा रंग उडवला. रंगाखाली काचतंतूची पट्टी, आणि पट्टीच्या कडेला ओळीनं हिरवट ठिपके. स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडल्यावर ठिपक्यांतून तांबं चमकलं. त्यावर गॅरेजमध्ये जी आरोळी उठली, ती ऐकून शेजारीण विचारपूस करायला आली.

त्या ठिपक्यांचं कारण असं. मिरर ही शिवलेली होडी आहे. प्लायवुडचे कापलेले तुकडे कडेला कडा लावून, भोकं पाडून, गोधडीला टाके घालावेत तसे तांब्याच्या तारेनं टाचायचे. मग आतून रेझिन आणि काचतंतूची पट्टी चढवायची, आणि बाहेर उरलेली तार छाटून टाकायची. बॅरी बकनेल हा गडी बीबीसीवर लोकांना घरदुरुस्ती शिकवायचा. त्यानं ही युक्ती वापरली, होल्टनं आराखडा नीट केला, आणि 'डेली मिरर'नं १९६३ साली होडीचा अख्खा संच ६३ पाऊंड ११ शिलिंगांना विकायला काढला. लोकांनी अंगणात, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात होड्या बांधल्या. सत्तर हजारांवर झाल्या. शिडं लाल, कारण पेपरच्या मथळ्याचा रंग लाल. दर्यावर्दी लोकांचा खेळ कारकून-मास्तरांच्या हातात दिला तो या डबड्यानं, असं तुमच्या सुनेचं प्रामाणिक मत आहे. चिरंजीवांना सांगू नका.

"शिवलेली होडी? म्हणजे उसवणार," असं आई म्हणाल्या होत्या. त्यावर चिरंजीवांचं उत्तर तयार आहे. आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, पण अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं जहाज आहे. त्या चित्रावरून गोव्यात काथ्याच्या दोरानं फळ्या शिवून खरं जहाज बांधलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात घेतलं. नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. खिळा न ठोकता. तेव्हा शिवणीचा मान राखावा, असं ते म्हणतात. हे सांगताना स्वतःच्या शर्टाचं बटण मात्र महिन्यापासून तुटलेलं आहे.

आता दुरुस्ती. होडी समुद्राच्या पाण्यानं कुजत नाही तेवढी पावसाच्या पाण्यानं कुजते, हे इथे आल्यावर कळलं. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. गोडं पाणी कोपऱ्यात साचून राहिलं की लाकूड गेलंच. शेडचं छप्पर गळकं होतं. चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं टकटक करत फिरले. चांगलं प्लाय खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. बाजारात कलिंगड निवडायला आबांनी शिकवलेला कान कामी आला. उजव्या हवाबंद कप्प्याच्या तळाशी भद्द वाजलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर सरळ आरपार गेला.

तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा तर दोन्ही कडा एकास आठ उतारानं तासाव्या लागतात, म्हणजे पाच मिलिमीटरच्या प्लायला चाळीस मिलिमीटर उतार. मग एपॉक्सी. हे एपॉक्सी थंडीत वाळत नाही, त्याला निदान दहा-बारा अंश ऊब लागते. त्यामुळे आमच्या घरातला एकुलता एक चांगला हीटर नोव्हेंबरभर गॅरेजमध्ये होता आणि तुमची नात स्वेटरवर स्वेटर घालून अभ्यास करत होती. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून तो मास्क लावून, पाणी मारून घासला. निळं शीड एका नौका क्लबाला देऊन बदल्यात जुनं लाल मिळालं. ते बाथटबमध्ये कोमट पाण्यात भिजत ठेवलं होतं. त्या आठवड्यात सगळ्यांनी बादलीत आंघोळ केली, अगदी धारूरसारखी.

होडी पाण्यात उतरली. इथल्या खाडीची एक तऱ्हा आहे. भरती एकदा येऊन थांबते, जरा मागे सरते आणि पुन्हा चढते. जहाजांना त्याचा मोठा फायदा. चिरंजीवांना झाला नाही, कारण ते ओहोटीच्या वेळी पोचले. मधली खालीवर होणारी फळी चिखलात रुतली, होडी थांबली, आणि मालक मांडीपर्यंत चिखलात उतरून ढकलत होते. पाणी मात्र आत आलं नाही. ठिगळ टिकलं.

धारूरच्या किल्ल्याच्या पायथ्याची सीताफळं आता संपत आली असतील. आम्ही उन्हाळ्यात येतो, तेव्हा ती नसतात याचंच वाईट वाटतं. माजलगावच्या धरणात होडी सोडता येईल का, असं आबांनी चुकूनही विचारू नये. तुमच्या चिरंजीवांनी विमानाच्या सामानाचा हिशेब आधीच मांडून ठेवला आहे. दोघांच्या २३-२३ किलोंच्या बॅगा मिळून ४६ किलो होतात, आणि होडीचं रिकामं अंग साधारण ४५ किलो. उरलेल्या किलोत माझी साडी बसते, असं ते म्हणतात.

तुमची,
सूनबाई