येत्या सोमवारपासून

पंचांगात मुहूर्त साडेतीन. वजन कमी करायचा मुहूर्त मात्र एकच, आणि तो दर आठवड्याला येतो: येता सोमवार. त्याला ना राहूकाळ आडवा येतो, ना चातुर्मास. आडवा येतो तो फक्त रविवार. सोमवारपासून सगळं बंद म्हटल्यावर रविवारी घरातलं सगळं संपवणं आलं. डब्यातली बाकरवडी, फ्रिजमधलं आम्रखंड, कोणीतरी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे. अन्न वाया घालवू नये हा संस्कार आपल्यावर इतका पक्का झालेला आहे की पुढच्या पंधरा दिवसांच्या त्यागाची भरपाई माणूस त्या एका दिवसात आगाऊ वसूल करतो.

सोमवारी पहाटे नवे बूट निघतात. बुटांशिवाय चालता येत नाही हा शोध आपल्याला अलीकडेच लागला. आधीच्या पिढ्या कोल्हापुरी करकरवत पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून दर्शन घेऊन यायच्या, आणि याला व्यायाम म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता बूट हवेत, घाम शोषणारा टी-शर्ट हवा, खुणा केलेली पाण्याची बाटली हवी आणि पावलं मोजणारं घड्याळ तर हवंच. दुपारच्या डब्यात क्विनोआ. त्याचं नाव घरात कोणाच्या तोंडी बसत नाही. सासूबाई त्याला ‘तुमची ती परदेशी वरी’ म्हणतात आणि ती उपवासाला चालेल का, एवढंच विचारतात.

घड्याळाची भूक दहा हजार पावलांची. हा आकडा कुठल्या वैद्याने नाडी बघून काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात तंदुरुस्तीची हवा होती. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि नावातच दहा हजारांचा आकडा घातला. गोल आकडा, लक्षात राहायला सोपा. साठ वर्षं झाली, सदाशिव पेठेतला माणूस अजून रात्री पावणेबाराला बेडरूम ते बाल्कनी येरझारा घालून त्या कंपनीची जाहिरात पूर्ण करतोय. (घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं हे एकदा कळलं की पोळ्या लाटतानाही बरंच अंतर कापलं जातं. गणपतीत टाळ्या वाजवत पाच आरत्या म्हटल्या तर विचारूच नका. शेवटी स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली की बोनस वेगळा.)

पहिला आठवडा सोन्याचा. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात आणि काट्याचा फोटो, पायाच्या अंगठ्यांसकट, फॅमिली ग्रुपवर जातो. मावशी टाळ्या पाठवतात, मामा हात जोडतात. गेलेलं बहुतेक पाणी असतं, हे ग्रुपवर सांगायची सोय नाही. पोळी-भात-साखर कमी झाली की शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन बाहेर काढतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा गेला, पाणी गेलं, काटा उतरला. चरबी जागची फारशी हललेली नसते. तिचा हिशेब निराळा: एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललं तर जळतात अडीचशे-तीनशेच्या घरात. म्हणजे महिनाभर रोज तासभर चाललात आणि खाण्यात तीळभरही वाढ केली नाहीत, तर कसाबसा किलोभर.

ही तीळभराची अट सिंहगड चढणाऱ्या माणसाला वाचून दाखवावी. आतकरवाडीतून धापा टाकत वर आलेला भक्त पुणे दरवाजातून आत शिरतो तो थेट पहिल्या चटईवर. पुढ्यात पिठलं-भाकरी येते, मग कांदाभजी, मग मडक्यातलं दही. ‘एवढं चढलोय’ हे वाक्य भज्यांच्या पहिल्या प्लेटच्या आधी येतं, दुसऱ्या प्लेटच्या वेळी जरा मोठ्याने येतं, आणि तिसऱ्या प्लेटला त्याची गरज उरत नाही.

तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबतो. यात काट्याचा दोष नाही. पाणी जायचं तेवढं गेलेलं असतं, आणि हलकं झालेलं शरीर थोडं कमी इंधनात भागवायला शिकतं. शिवाय सकाळी चालून आलेला माणूस दिवसभर पहिल्या मजल्यालाही लिफ्टने जातो, कारण ‘माझं आजचं झालंय.’ इथून पुढे खरं काम सुरू होतं, म्हणजे दर महिन्याला दिसेल-न दिसेल असं. आणि नेमकं इथेच आपलं लक्ष उडतं, कारण आपण पडलो भूमिपूजनाची माणसं. नारळ फोडायला, फीत कापायला, कोनशिलेवर नाव कोरायला झुंबड. पुढे ‘काम चालू, रस्ता बंद’ ही पाटी गंजून पडेपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. एकाच पुलाचं भूमिपूजन दोन पक्षांनी दोनदा केलेलं आपण पाहतो आणि हसतो. एकाच पोटाचं भूमिपूजन आपण वर्षातून सात-आठ वेळा करतो, त्याचं हसू येत नाही.

जिमवाल्यांना हे कधीच कळलेलं आहे. एक जानेवारीला ते वर्षाच्या फीवर सवलत देतात ती तुमच्या आरोग्याच्या कळवळ्याने नव्हे. सगळे सभासद एका सकाळी हजर झाले तर उभं राहायला जागा पुरायची नाही; धंदा चालतो तो न येणाऱ्यांवर. अमेरिकेत स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली याचा रीतसर हिशेबच मांडला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यात सरासरी पाच वेळाही येत नव्हते. एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडत होते, आणि दर खेपेचे १० डॉलर देऊन त्याच जिममध्ये येण्याची सोय होती. आपल्याकडे असा अभ्यास करायला नको. बिल्डिंगच्या कोणत्याही घरातल्या ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे मोजावेत.

काटा थांबला की माणूस पंथ बदलतो. महाराष्ट्रात सध्या दोन मोठे पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, ५५ मिनिटांच्या आत जेवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ऋजुता दिवेकर सांगतात, आजी जे खायची ते खा, थोडं थोडं खा, तुपाला घाबरू नका. दोघांचं म्हणणं दोन टोकांचं, पण मराठी माणूस मुळात समन्वयवादी. त्याने दीक्षितांकडून ५५ मिनिटं घेतली, दिवेकरांकडून तूप घेतलं आणि साडेचार किलोमीटर ‘बघू’ या खात्यात टाकले. ५५ मिनिटं ही वरची मर्यादा आहे, भरून काढायचा कोटा नव्हे, हे न उमगलेली माणसं मंगल कार्यालयाच्या पंगतीत हटकून दिसतात. मठ्ठ्यापर्यंत पोचले की घड्याळ बघतात, अठरा मिनिटं शिल्लक निघतात, आणि मग वाढप्याला हाक जाते: “अहो, जिलबी! इकडे, इकडे!”

एवढ्यातूनही समजा कोणी टिकला. सात-आठ महिने निमूट चालला, रात्रीचा भात निम्मा केला, पाच किलो उतरले. आता तरी कौतुक होईल, अशी त्या बिचाऱ्याची समजूत. आपल्याकडे पोट सुटलेल्या जावयाला ‘मानवलं हो लग्न’ म्हणायची पद्धत आहे. उतरलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे घराण्यात कोणी शिकवलेलंच नाही. जिन्यात काकू भेटतात.

“अगंबाई! केवढा उतरलास रे. शुगर निघाली का?”

“नाही हो काकू. चालायला जातो रोज.”

“हो, आमच्या ह्यांनाही डॉक्टरांनी चालायलाच सांगितलं होतं.” मग आवाज खाली आणून, “पण सगळे रिपोर्ट एकदा काढून घे. थायरॉइड पण.”

संध्याकाळपर्यंत तो आजारी असल्याचं चौथ्या मजल्यापर्यंत पोचतं. शेजारचे आजोबा एका खात्रीच्या वैद्याचा नंबर देतात. बायकोला भिशीत बाजूला घेऊन विचारलं जातं, ऑफिसात काही टेन्शन? तिसऱ्या दिवशी कऱ्हाडहून आईचा फोन येतो आणि पाठोपाठ एसटीच्या पार्सलने डिंकाचे लाडू. ते नाकारायची छाती अजून कोणत्याच पंथाच्या अनुयायाला झालेली नाही.

ज्या काट्यासाठी हा सगळा जीव टांगणीला लागतो, त्याच्यावर किती भरवसा ठेवावा याचं उत्तर खरं तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची आणि वजन यांचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं अगदी सारखं: २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. काट्याने दोघांनाही एकच शेरा दिला असता. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीचा साठा, हा आपल्याकडचा नमुना याज्ञिकांनी आयुष्यभर अभ्यासला, आणि दाखल्यादाखल स्वतःलाच उभं केलं. याची दुसरी बाजू अशी की काटा ढिम्म असतानाही आत बरंच काही हलत असतं. रक्तदाब उतरतो, जेवणानंतरची साखर ताळ्यावर येते, तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर बोलता येतं. पण पट्टा एक भोक आत गेला, असा फोटो फॅमिली ग्रुपवर कोणी टाकत नाही. टाकला तरी मावशींना त्यातलं भोक दिसणार नाही, पोटच दिसेल.

‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ असं जे जो तो सांगतो, त्याचं मूळ बरंचसं मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. नाक नीट करून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान एकवीसेक दिवस लागतात, असं त्याच्या पाहण्यात आलं. ‘किमान’ वाटेत गळालं, नाक गळालं, राहिले एकवीस दिवस. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी पुढे माणसं घेऊन हे तपासलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८, कोणाला २५४. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर जमल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची वाटणारी गोष्ट मला आवडली: मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही. हे वाचून मराठी माणसाला धक्का बसेल. आपल्याकडे बुधवारी साखरपुड्याला दोन गुलाबजाम झाले की व्रत मोडलंच. मग गुरुवार-शुक्रवार कशाला कोरडे जाऊ द्यायचे? शनिवार तर शनिवार, रविवारी ते आम्रखंड संपवायचंच आहे. आणि सोमवार काय, येतोच.

राजेही यातून गेले आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आधी युजीन सँडो या पाश्चात्त्य पहिलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत, मग सूर्यनमस्कारांकडे वळले. म्हणजे पंथ त्यांनीही बदलला. फरक इतकाच की नंतर पुन्हा बदलला नाही. म्हातारपणापर्यंत नमस्कार घालत राहिले, त्यावर पुस्तक लिहिलं, संस्थानातल्या शाळांत पोरांनाही घालायला लावले. सूर्यनमस्कार ही तशी कमालीची कंटाळवाणी गोष्ट आहे. त्यात नवीन काही घडत नाही, बाराव्यानंतर पुन्हा पहिलाच येतो. तरी महाराजांना ‘आज मूड नाही’ असं झालंच नसेल, असं नाही. पण संस्थानभर सक्ती करून बसल्यावर सांगणार कोणाला?

न कंटाळता टिकलेली एक जमात मात्र वेताळ टेकडीवर रोज पहाटे दिसते. माकडटोपी, कुत्र्यांसाठी एका हातात काठी आणि त्याच कुत्र्यांसाठी खिशात बिस्किटं, पायात मुलाने टाकलेले बूट. घड्याळ असलंच तर किल्लीचं. मागे एकदा या घोळक्याला एक नवा मुलगा भेटला. अंगात चकचकीत टी-शर्ट, तिसरा आठवडा चालू असावा, चेहरा पडलेला.

“काका, तुम्ही रोज येता?”

“पाऊस असला तर छत्री घेऊन येतो.”

“मग हे मोटिव्हेशन कसं टिकवता?”

“काय टिकवतो?”

“म्हणजे रोज यावंसं कसं वाटतं?”

“वाटतंय कुठे!” काका काठी आपटत म्हणाले. “काल हे गृहस्थ म्हणाले, टेकडीतून बालभारतीचा रस्ता झालाच पाहिजे. आणि मी तोंड उघडायच्या आत उतरून गेले. मला रात्रभर झोप नाही.”

“आणि वजन किती कमी झालं?”

“कोणाचं? यांच्या बोलण्याला तर आधीपासूनच नव्हतं.”

ते गृहस्थ एव्हाना पन्नास पावलं पुढे गेले होते आणि मुद्दाम वेग वाढवत होते. काका मागून निघाले, चांगलेच झपाझप. मुलाने ओरडून विचारलं, “मग आज रस्त्याचं मिटणार का?”

“छे! रस्त्याचं उद्या,” काका मागे न बघता ओरडले. “आज मेट्रोचं राहिलंय!”